फायोमधील समांतर कार्यांचा खोळंबा

फायो हे डिस्क व इतर संचयन उपकरणांची कार्यक्षमता मोजण्यासाठी वापरले जाणारे मुक्तस्रोत साधन आहे. या साधनात एकाच वेळी अनेक कार्ये (जॉब) समांतर चालवता येतात. अशा चाचणीत एखादे कार्य किंवा सर्वच कार्ये पुढे न सरकता एका जागी थांबून राहिल्यास त्या स्थितीला समांतर कार्यांचा खोळंबा म्हणता येते. खोळंब्याचे कारण फायोच्या मांडणीत, कार्यप्रणालीच्या कर्नलमध्ये किंवा प्रत्यक्ष उपकरणात असू शकते. थांबलेले दिसणारे कार्य बहुधा स्वतः सदोष नसते. ते दुसऱ्या कशाची तरी वाट पाहत असते. त्यामुळे कार्य नेमके कशासाठी थांबले आहे हे ठरवणे हा निदानाचा मुख्य भाग ठरतो. या लेखात लिनक्स कार्यप्रणालीवरील फायोचा विचार केला आहे.

## पार्श्वभूमी

फायोचे मूळ लेखक येन्स आक्सबो हे लिनक्स कर्नलमधील ब्लॉक-स्तराचे देखभालकर्ते आहेत. विशिष्ट प्रकारचा भार तपासण्यासाठी दर वेळी नवी आज्ञावली लिहावी लागू नये, या हेतूने त्यांनी हे साधन तयार केले. त्याचा विकास २००५ पासून सुरू आहे. ब्लॉक-स्तरावरील घडामोडी नोंदवणारे ब्लॉकट्रेस हे साधन आणि २०१९ मध्ये लिनक्स ५.१ या आवृत्तीत समाविष्ट झालेली आयओ-यूरिंग ही यंत्रणाही आक्सबो यांनीच विकसित केली.

फायोमध्ये चाचणीचे वर्णन एका मजकुरी संचिकेत किंवा आज्ञेच्या ओळीवर दिले जाते. वाचन की लेखन, क्रमवार की यादृच्छिक, एका वेळी किती बाइट, किती काळ आणि किती समांतर कार्ये या बाबी त्यात नमूद करतात. विनंत्या कोणत्या मार्गाने पाठवायच्या हे आय-ओ इंजिन ठरवते. सिंक, पीसिंक, लिबएआयओ, आयओ-यूरिंग, एममॅप व नल ही त्यांपैकी काही इंजिने होत.

## समांतर कार्यांची रचना

नमजॉब्स या पर्यायाने एकाच वर्णनाच्या अनेक प्रती एकाच वेळी चालवता येतात. विशेष सूचना नसल्यास प्रत्येक कार्य स्वतंत्र प्रक्रिया म्हणून जन्मते. थ्रेड हा पर्याय दिल्यास सर्व कार्ये एकाच प्रक्रियेतील थ्रेड म्हणून चालतात. आयओडेप्थ या पर्यायाने एका कार्याच्या एकाच वेळी किती विनंत्या प्रलंबित राहू शकतात हे ठरते. म्हणजेच ८ कार्ये आणि प्रत्येकी ३२ खोली असल्यास एकूण २५६ विनंत्या एकाच वेळी प्रलंबित असू शकतात.

मुख्य प्रक्रिया कार्ये निर्माण करते, ती सज्ज होईपर्यंत थांबते, नंतर त्यांना एकत्र सुरुवात करू देते आणि शेवटी संपलेली कार्ये गोळा करते. निर्माण झालेले कार्य सुमारे १० सेकंदांत प्रतिसाद देत नसेल, तर मुख्य प्रक्रिया सुरुवातच खोळंबल्याचा संदेश देऊन चाचणी थांबवते. थांबण्याची सूचना मिळूनही एखादे कार्य ३०० सेकंदांत बाहेर पडले नाही, तर ते अडकल्याचे जाहीर करून मुख्य प्रक्रिया त्याला सोडून पुढे जाते. अशा वेळी फायोच्या दृष्टीने चाचणी संपलेली असली, तरी अडकलेली विनंती कर्नलमध्ये तशीच प्रलंबित असू शकते.

## प्रगतिदर्शक ओळ

चाचणी चालू असताना फायो एक प्रगतिदर्शक ओळ दाखवते. त्यात चौकटी कंसात प्रत्येक कार्याची अवस्था एका रोमन अक्षराने किंवा चिन्हाने दर्शवलेली असते. मोठ्या व लहान अक्षरांचे अर्थ भिन्न असल्याने ही ओळ काळजीपूर्वक वाचावी लागते.

* मोठा पी : कार्याची मांडणी झाली आहे, पण ते सुरू झालेले नाही.
* मोठा सी : कार्य निर्माण झाले आहे.
* मोठा आय : कार्य सज्ज होऊन थांबले आहे किंवा आवश्यक विदा तयार करत आहे.
* तिरकी रेघ : कार्य पूर्वतापन काळात आहे, या काळातील मोजमाप अहवालात धरले जात नाही.
* मोठा आर व लहान आर : अनुक्रमे क्रमवार व यादृच्छिक वाचन.
* मोठा डब्ल्यू व लहान डब्ल्यू : अनुक्रमे क्रमवार व यादृच्छिक लेखन.
* मोठा एफ : लिहिलेली विदा डिस्कवर पोहोचल्याची खात्री करणाऱ्या एफसिंकची प्रतीक्षा.
* मोठा व्ही : लिहिलेल्या विदेची पडताळणी.
* मोठा ई : कार्य संपले आहे, पण मुख्य प्रक्रियेने ते अद्याप गोळा केलेले नाही.
* अधोरेषा : कार्य संपून गोळा झाले आहे.
* मोठा एक्स व मोठा के : कार्य अनुक्रमे त्रुटीमुळे व सिग्नलमुळे संपले आहे.

ही अक्षरे फायोच्या स्वतःच्या समजुतीनुसार कार्य कोठे आहे एवढेच सांगतात. लहान डब्ल्यू दिसत असेल, तर कार्य लेखनाच्या टप्प्यात आहे इतकेच त्यावरून कळते. लेखन प्रत्यक्षात होत आहे की नाही हे त्यावरून समजत नाही. त्यासाठी शेजारी दिसणारा वेग आणि प्रतिसेकंद विनंत्यांची संख्या पाहावी लागते.

## खोळंब्यासारख्या दिसणाऱ्या अवस्था

प्रत्येक थांबलेले कार्य अडकलेलेच असते असे नाही. पुढील अवस्था खोळंब्यासारख्या दिसतात, परंतु त्या दोषदर्शक नसतात.

मांडणीतील प्रतीक्षा. स्टोनवॉल हा पर्याय दिलेले कार्य आधीची सर्व कार्ये संपेपर्यंत सुरू होत नाही. वेट-फॉर या पर्यायाने एक कार्य दुसऱ्या विशिष्ट कार्याच्या समाप्तीशी बांधता येते. या पर्यायात केवळ आधी वर्णन केलेल्या कार्याचाच उल्लेख करता येतो. त्यामुळे दोन कार्ये परस्परांची वाट पाहत बसण्याची शक्यता उरत नाही. मात्र आधीचे एकच कार्य अडकले, तरी त्यामागील सर्व कार्ये मोठा पी या अवस्थेत राहतात. दोष पहिल्या कार्याच्या वाटेत असतो आणि थांबलेली मात्र सर्वच दिसतात.

पूर्वतयारी. चाचणीसाठी लागणारी संचिका अस्तित्वात नसेल, तर फायो ती आधी तयार करते. मोठ्या आकाराच्या अनेक संचिका तयार होण्यास बराच वेळ लागू शकतो.

हेतुपुरस्सर मंदावणे. रेट, थिंकटाइम व स्टार्टडिले या पर्यायांमुळे कार्य मुद्दाम थांबते. कंट्रोल-ग्रुपमध्ये घातलेली आय-ओ मर्यादाही असाच परिणाम घडवते आणि ती फायोच्या संचिकेत दिसत नाही.

अतिभार. रांगशास्त्रातील लिटलच्या नियमानुसार प्रणालीतील सरासरी प्रलंबित विनंत्या म्हणजे पूर्ततेचा वेग आणि सरासरी प्रतीक्षाकाळ यांचा गुणाकार होय. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या डिस्कला अर्ध्या फेऱ्यासाठीच सुमारे ४.२ मिलिसेकंद लागतात. त्यात शीर्ष हलवण्याचा वेळ मिळवावा लागतो. अशी डिस्क सेकंदाला १०० यादृच्छिक विनंत्या पूर्ण करते असे मानले, तर २५६ प्रलंबित विनंत्यांपैकी प्रत्येकीस सरासरी २.५६ सेकंद थांबावे लागेल. ही चाचणी संथ आहे, अडकलेली नाही.

विलंबित लेखन. डायरेक्ट हा पर्याय न दिल्यास लेखन आधी मुख्य स्मृतीत होते व नंतर डिस्कवर जाते. लिनक्समध्ये अशा न उतरलेल्या विदेची मूलभूत मर्यादा उपलब्ध स्मृतीच्या २० टक्के असते. ६४ गिगाबाइट स्मृतीच्या संगणकात ही मर्यादा सुमारे १२ गिगाबाइटपर्यंत जाऊ शकते. सेकंदाला १०० मेगाबाइट लिहिणाऱ्या डिस्कला एवढी विदा उतरवण्यास सुमारे २ मिनिटे लागतात. तोवर कार्य मोठा एफ या अवस्थेत स्तब्ध दिसते.

## खऱ्या खोळंब्याची कारणे

कुलूपासाठी स्पर्धा. अनेक कार्ये एकाच संचिकेत स्मृतीमार्गे लिहीत असल्यास त्या संचिकेचे कुलूप एका वेळी एकाच कार्याला मिळते. कुलूप धारण केलेले कार्य डिस्कवर अडकले, तर उरलेली सर्व कार्ये त्याच्या मागे अडकतात.

कोंडी. दोन किंवा अधिक घटक परस्परांनी अडवून ठेवलेल्या साधनांची वाट पाहू लागल्यास कोंडी (डेडलॉक) होते. कॉफमन, एल्फिक व शोशानी यांनी १९७१ मध्ये कोंडीसाठी आवश्यक असलेल्या ४ अटी मांडल्या : अनन्य ताबा, ताबा न सोडता प्रतीक्षा, जबरीने काढून न घेता येणे आणि चक्राकार प्रतीक्षा. संचिका प्रणाली किंवा उपकरण-चालकातील अशी कोंडी अनेक समांतर कार्ये एकत्र चालवल्यावरच उघड होते. त्यामुळे एकाच कार्याची चाचणी यशस्वी होणे हा निर्दोषत्वाचा पुरावा ठरत नाही.

अनिश्चित काळ थांबवणारे स्तर. काही स्तर त्रुटी परत देण्याऐवजी विनंती धरून ठेवतात. हार्ड पद्धतीने जोडलेली एनएफएस संचिका प्रणाली सर्व्हर नाहीसा झाल्यास पुन्हापुन्हा प्रयत्न करत राहते. मल्टिपाथमध्ये सर्व मार्ग तुटल्यावरही विनंत्या रांगेत ठेवण्याची मांडणी असू शकते. गोठवलेली संचिका प्रणाली आणि स्थगित केलेले डिव्हाइस-मॅपर उपकरण यांचेही वर्तन असेच असते. विदा वाचवण्यासाठी हे वर्तन हेतुतः ठेवलेले आहे.

उपकरणाचा दोष. नियंत्रक किंवा त्यातील फर्मवेअर एखाद्या विनंतीस उत्तर देत नाही. लिनक्समध्ये एनव्हीएमई उपकरणे व स्कझी डिस्क यांच्यासाठी विनंतीची मूलभूत कालमर्यादा ३० सेकंद असते. ती उलटल्यावर चालक विनंती रद्द करण्याचा प्रयत्न करतो. ते न साधल्यास उपकरण पुन्हा आरंभित केले जाते. या सर्व काळात कार्य थांबलेले दिसते.

याउलट, लिबएआयओ वापरताना एकूण प्रलंबित विनंत्यांची कर्नलमधील मर्यादा (मूलभूत मूल्य ६५,५३६) ओलांडल्यास सहसा खोळंबा होत नाही. कार्य सुरुवातीलाच त्रुटी देऊन संपते.

## निदान

### पुरावा जपणे

अडकलेले कार्य तत्काळ बंद करणे ही सर्वांत सामान्य प्रतिक्रिया असते, परंतु त्यामुळे खोळंब्याचा पुरावा नष्ट होतो. लिबएआयओ वापरणारे कार्य पूर्ततेची वाट पाहताना साध्या, सिग्नलने मोडता येणाऱ्या निद्रेत असते. त्यास बळजबरीने बंद केल्यास प्रक्रिया बाहेर पडताना कर्नलमध्ये आपल्या प्रलंबित विनंत्यांसाठी थांबते आणि न मोडता येणाऱ्या निद्रेत जाते. प्रक्रिया तशीच शिल्लक राहते, पण ती मुळात कोठे थांबली होती हे कळण्याचा मार्ग बंद होतो. म्हणून आधी नोंदी, मग समाप्ती हा क्रम पाळला जातो.

### बाहेरून निरीक्षण

फायोला यूएसआर-१ हा सिग्नल पाठवल्यास चाचणी न थांबवता त्या क्षणापर्यंतची आकडेवारी मिळते. काही सेकंदांच्या अंतराने दोनदा घेतलेल्या आकडेवारीत पूर्ण झालेल्या विनंत्यांची संख्या वाढलेली असेल, तर कार्य संथ आहे; संख्या तीच असेल, तर खोळंब्याची शक्यता बळावते.

त्यानंतर प्रत्येक कार्याच्या प्रक्रियेची अवस्था पाहिली जाते. पीएस या आज्ञेत मोठा डी हे अक्षर न मोडता येणारी निद्रा दर्शवते. या अवस्थेतील प्रक्रिया १२० सेकंदांहून अधिक काळ अडकल्यास कर्नल आपल्या लॉगमध्ये इशारा देतो. ही मूलभूत मर्यादा असून अशा इशाऱ्यांची संख्याही मूलतः १० वर मर्यादित असते. त्यानंतरचे खोळंबे नोंदवले जात नाहीत. शिवाय लिबएआयओ किंवा आयओ-यूरिंगची पूर्तता पाहत बसलेले कार्य डी अवस्थेत नसल्याने त्याचा इशारा मिळतच नाही. लॉग स्वच्छ असणे म्हणजे खोळंबा नसणे, असा निष्कर्ष त्यामुळे काढता येत नाही.

### थांबण्याचे ठिकाण

प्रॉक संचिका प्रणालीत प्रत्येक प्रक्रियेच्या स्टॅक या नोंदीवरून ती कर्नलमधील कोणत्या कार्यावलीत थांबली आहे हे कळते. सिसआरक्यू यंत्रणेत लहान डब्ल्यू हे अक्षर दिल्यास सर्व अडकलेल्या प्रक्रियांचे स्टॅक एकदम लॉगमध्ये उतरतात. फायोच्या स्वतःच्या आज्ञावलीतील जागा जीडीबी या दोषशोधकाने पाहता येते. फायोचा डीबग पर्यायही उपयोगी पडतो. प्रोसेस व म्युटेक्स हे त्यातील विभाग कार्यांची निर्मिती आणि परस्परांसाठीची प्रतीक्षा दाखवतात.

ब्लॉक उपकरणाच्या इनफ्लाइट या नोंदीत वाचन व लेखनाच्या उपकरणाकडे गेलेल्या, पण पूर्ण न झालेल्या विनंत्यांचे दोन आकडे असतात. हे आकडे शून्याहून अधिक व स्थिर राहिल्यास विनंती उपकरणाकडे किंवा चालकाकडे अडकली आहे. ते शून्य असूनही कार्य थांबलेले असल्यास विनंती तेथवर पोहोचलेली नाही, किंवा ती पूर्ण झाल्याची वार्ता कार्यापर्यंत आलेली नाही.

चाचणी पुन्हा घेणे शक्य असल्यास ब्लॉकट्रेस आधीपासून चालू ठेवला जातो. त्यात प्रत्येक विनंतीच्या वाटचालीतील टप्पे अक्षरांनी नोंदलेले असतात : क्यू म्हणजे विनंती ब्लॉक-स्तरात आली, डी म्हणजे ती चालकाकडे सोपवली गेली, सी म्हणजे पूर्ण झाली. क्यू आहे पण डी नाही, तर अडथळा कार्यप्रणालीच्या रांगेत आहे. डी आहे पण सी नाही, तर अडथळा चालकात किंवा उपकरणात आहे. येथील डी आणि पीएसमधील डी यांचा परस्परांशी संबंध नाही.

### वगळण्याची पद्धत

एका वेळी एकच घटक बदलून संशयाचे क्षेत्र आकुंचित केले जाते. नल हे इंजिन प्रत्यक्ष कोणतीही विदा हलवत नाही. तेच वर्णन या इंजिनावर चालवूनही खोळंबा झाला, तर कारण फायोच्या मांडणीत किंवा फायोमध्येच शोधावे लागते. नल इंजिनावर चाचणी पूर्ण होत असल्यास पीसिंक, मग लिबएआयओ आणि मग आयओ-यूरिंग अशा क्रमाने इंजिने बदलली जातात. त्याचप्रमाणे संचिकेऐवजी थेट ब्लॉक उपकरणावर चाचणी घेतल्यास संचिका प्रणालीचा स्तर वगळला जातो. तथापि ब्लॉक उपकरणावरील लेखन चाचणीत त्यावरील सर्व विदा नष्ट होते. म्हणून ती केवळ रिकाम्या उपकरणावरच घेता येते. कार्यांची संख्या निम्म्याने कमी करत नेल्यास खोळंबा किती समांतरतेला सुरू होतो, हेही समजते.

## उदाहरण

लिबएआयओ इंजिन, थेट यादृच्छिक लेखन, ४ कार्ये, प्रत्येकी ३२ खोली आणि ६० सेकंदांची कालमर्यादा अशी एक चाचणी कल्पावी. ६० सेकंदांनंतर ३ कार्यांच्या जागी अधोरेषा दिसते. चौथ्याच्या जागी लहान डब्ल्यू कायम राहतो आणि वेग शून्य असतो.

कालमर्यादा असूनही कार्य न संपण्याचे कारण असे की, फायोचे कार्य दोन विनंत्यांच्या दरम्यान घड्याळ पाहते आणि वेळ संपल्यावरही आधी पाठवलेल्या सर्व विनंत्या पूर्ण होण्याची वाट पाहते. ३२ पैकी एकच विनंती हरवली, तर उरलेल्या ३१ जागांवर काम चालू राहते. वेगात किंचित घट होते आणि खोळंबा प्रथमच शेवटी दिसतो. त्यामुळे शेवटी प्रकट झालेला बिघाड प्रत्यक्षात बराच आधी घडलेला असू शकतो. हेच कार्य १ खोलीने चालवले असते, तर ते विनंती हरवलेल्या क्षणीच थांबले असते.

या उदाहरणात इनफ्लाइट नोंदीत लेखनाचा आकडा १ असा स्थिर दिसला आणि थोड्या वेळाने कर्नलच्या लॉगमध्ये उपकरणाच्या कालमर्यादेचा संदेश आला, तर दोष फायोत नसून उपकरण, चालक किंवा त्यांमधील जोडणीत असल्याचे निश्चित होते.

## अहवालावरील परिणाम

फायो विलंबाची नोंद विनंती पूर्ण झाल्यावर करते. कधीच पूर्ण न झालेली विनंती त्यामुळे विलंबाच्या आकडेवारीत येत नाही. सर्वांत वाईट घटनाच अहवालातून वगळली जाते.

उशिरा पूर्ण झालेली विनंतीही सहज झाकली जाते. ५,००,००० विनंत्यांच्या चाचणीत एका विनंतीस ३० सेकंद लागले, तर तिचा वाटा ०.०००२ टक्के एवढाच भरतो. ९९.९९ व्या शतमकातही ती दिसत नाही. केवळ कमाल विलंबाच्या रकान्यात ती आढळते. ग्रुप-रिपोर्टिंग हा पर्याय सर्व कार्यांची आकडेवारी एकत्र करतो, त्यामुळे एकाच कार्याचा खोळंबा सरासरीत विरून जातो. विदागारासारख्या प्रणालीत मात्र तेच ३० सेकंद सेवा बंद पडल्यासारखे असतात. या कारणाने खोळंबलेली चाचणी रद्द करून पुन्हा घेतलेली निर्विघ्न चाचणी तेवढी प्रसिद्ध करणे दिशाभूल करणारे ठरते.

## प्रतिबंधक उपाय

* प्रत्येक कार्यास स्वतंत्र संचिका किंवा उपकरणाचा स्वतंत्र भाग दिल्यास कुलूपासाठीची स्पर्धा टळते.
* लिबएआयओ वापरताना डायरेक्ट हा पर्याय दिला जातो. अन्यथा विनंत्या समांतर रांगेत न जाता एकामागून एक पूर्ण होऊ शकतात.
* स्टेटस-इंटरव्हल या पर्यायाने ठरावीक अंतराने आकडेवारी नोंदवता येते. खोळंबा कधी सुरू झाला हे त्यावरून कळते.
* मॅक्स-लेटन्सी या पर्यायाने विलंबाची मर्यादा ओलांडल्यावर कार्य त्रुटीसह थांबते. तथापि ही तपासणी पूर्ण झालेल्या विनंत्यांवर आधारलेली असल्याने हरवलेल्या विनंतीस ती पकडू शकत नाही.
* वेग व विलंब यांचे कालानुक्रमे लॉग ठेवल्यास सरासरीत लपलेले खंड आलेखावर स्पष्ट दिसतात.
* स्वयंचलित चाचण्यांमध्ये बाहेरून कालमर्यादा घालताना, प्रक्रिया बंद करण्यापूर्वी स्टॅक, इनफ्लाइट व कर्नलचा लॉग जतन करण्याची व्यवस्था केली जाते.